ज्वालामुखीच्या बातमीत पाणी कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुठे ज्वालामुखी जागा झाला की ठरावीक वाक्ये छापून येतात. पृथ्वीच्या पोटातला लाव्हाचा समुद्र उसळला, डोंगर आग ओकू लागला, आकाशात धुराचे लोट उठले. या वर्णनांत पाण्याचा उल्लेख जवळजवळ कधीच नसतो. खरे तर तो लोट धुराचा नसतोच, कारण तिथे काहीही जळत नाही. त्यात खडकाची बारीक पूड आणि वायू असतात, आणि त्या वायूंत सर्वांत मोठा वाटा बहुधा पाण्याच्या वाफेचा असतो. खडक वितळतो कशाने, वितळलेला खडक फुटतो कशाने आणि काही वेळा शिलारसाचा, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाचा, थेंबही वर न येता माणसे का मरतात, या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांत पाणी आहे. ते वगळले तर वाचकाला धोका कुठून आहे हेच कळत नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी तो समुद्र. भूकंपाचे दुय्यम तरंग द्रवातून जात नाहीत, पण आपल्या पायांखालच्या प्रावरणातून, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधल्या जाड थरातून, ते सुमारे २,९०० किमी खोलीपर्यंत व्यवस्थित जातात. म्हणजे तिथवरचा खडक घन आहे. तो तापलेला आहे आणि लाखो वर्षांच्या हिशेबात अतिशय संथ सरकतोही, पण द्रव नाही. त्याखाली सुमारे ५,१५० किमीपर्यंत द्रव आहे, मात्र तो बाह्य गाभ्यातल्या लोखंडाचा. ज्वालामुखीतून येणाऱ्या लाव्हाशी त्याचा संबंध नाही. शिलारस तयार होतो तो वरच्या शेदोनशे किलोमीटरांत, तोही काही ठरावीक जागी.

त्या जागी उष्णता अचानक वाढते असे नाही. समुद्रतळावरच्या मध्य-सागरी डोंगररांगांखाली प्रावरणाचा खडक वर सरकतो, त्याच्यावरचा दाब घटतो आणि तो थोडासा वितळतो. दुसरा मार्ग पाण्याचा. सुमारे १०० किमी खोलीवर कोरडा प्रावरण-खडक वितळायला १,४०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते. त्यात पाणी मिसळले की तोच आकडा १,००० अंशांच्या आसपास येतो. ग्रॅनाइटचेही तसेच. कोरडा ग्रॅनाइट ९५० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय वितळू लागत नाही. पण साडेसात किमी खोलीवरच्या दाबाखाली, म्हणजे सुमारे २,००० वातावरणांखाली (१ वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब), पाणी भरपूर असेल तर तो ७०० अंशांच्या आतच पाझरू लागतो. टटल आणि बोवेन या भूशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या दाबपात्रांत हे मोजून १९५८ साली प्रसिद्ध केले. कारण सोपे आहे. खडकातले सिलिकॉन आणि ऑक्सिजन साखळ्यांनी एकमेकांना धरून असतात. पाण्याचा रेणू त्या साखळीत शिरून दुवा तोडतो. जितके दुवे तुटतील तितका खडक कमी उष्णतेत सैल होतो आणि झालेला रसही पातळ असतो.

हे पाणी एवढ्या खोल पोचते कसे? भेगांतून ओघळत नाही. समुद्रतळाचा खडक कोट्यवधी वर्षे पाण्यात मुरतो आणि त्यातली खनिजे पाणी स्वतःच्या घडणीत बांधून घेतात. सर्पेंटाइन या खनिजाच्या वजनात सुमारे १३ टक्के पाणी असते, तरी हातात घेतल्यास ते कोरडा दगडच. असा समुद्रतळ दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो, तापतो, आणि साधारण १०० किमी खोलीवर आल्यावर खनिजे ते पाणी सोडून देतात. ते वरच्या तप्त खडकात शिरते आणि तिथे वितळण सुरू होते. पॅसिफिकच्या काठाने ज्वालामुखींची रांग लागली आहे ती यामुळे. तिथल्या शिलारसात वजनाने २ ते ६ टक्के पाणी असते. मध्य-सागरी रांगांवरच्या बेसाल्टमध्ये ते बहुधा अर्ध्या टक्क्याच्याही आत असते, आणि म्हणून तो फारसा न फुटता वाहतो.

इथे अलीकडच्या आणखी एका गैरसमजाबद्दल लिहायला हवे. 'पृथ्वीच्या आत महासागर सापडला' हा मथळा दर वर्ष-दोन वर्षांनी नव्याने फिरतो. त्याचे मूळ २०१४ सालच्या संशोधनात आहे. ब्राझीलमधल्या जुईना इथल्या एका हिऱ्यात रिंगवूडाइट या खनिजाचा डोळ्यांना न दिसणारा कण सापडला. हे खनिज ४१० ते ६६० किमी दरम्यानच्या थरातले. त्या कणाच्या वजनात सुमारे दीड टक्का पाणी होते. तो संपूर्ण थर इतका पाणीदार असेल तर एकूण पाणी पृथ्वीवरच्या महासागरांइतके भरेल, असा हिशेब त्यातून निघाला. शोध मोठाच आहे. पण ते पाणी स्फटिकाच्या जाळीत अडकलेले आहे. तिथे लाट नाही, पोकळी नाही, पंप लावून उपसण्यासारखे काही नाही. मथळ्यात 'महासागर' लिहून खाली हे वाक्य गाळले तर शोधाचा अर्थच उलटा होतो.

वितळलेला रस वर चढून कवचात साठतो. पुस्तकांतल्या चित्रांत त्याची लाल रंगाने भरलेली खोली दाखवतात. प्रत्यक्षात ती जागा बहुतांशी स्फटिकांची असते आणि त्यांच्या फटींत रस असतो. अमेरिकेतल्या यलोस्टोन ज्वालामुखीखाली रसाचे प्रमाण १६ ते २० टक्के असल्याचे २०२२ सालच्या मोजणीत दिसले. स्फटिक एकमेकांत अडकलेले असेपर्यंत असा राडा सहजासहजी वाहू शकत नाही; त्यासाठी साधारण ३५ ते ५० टक्के रस लागतो. 'यलोस्टोन फुटणार' असे लिहिण्याआधी हा एक आकडा विचारला तरी पुष्कळ भीती टळेल.

आता शिलारस फुटतो कसा ते पाहू. दाबाखाली रस पाणी विरघळवून धरतो. सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे संयुग) जास्त असलेला रस २,००० वातावरणांच्या दाबाखाली सुमारे ६ टक्के पाणी धरू शकतो, १,००० वातावरणांखाली सुमारे ४ टक्के, आणि जमिनीवर जेमतेम एक दशांश टक्का. वर चढताना उरलेले पाणी बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडते. १ घनमीटर रसात ४ टक्के पाणी धरले तर ते सुमारे ९६ किलो झाले. ९०० अंशांना आणि साध्या हवेच्या दाबाला त्याची वाफ सुमारे ५०० घनमीटर होते. एवढी वाफ त्या एका घनमीटरात मावायची कशी? बुडबुड्यांनी सुमारे तीन चतुर्थांश जागा व्यापली की त्यांच्यामधले रसाचे पडदे ताणून फाटतात आणि रसाचा फेस न राहता तुकडे होतात. प्यूमिस या ज्वालामुखीतल्या सच्छिद्र दगडाचा एखादा खडा भिंगाखाली धरून पाहावा. सगळीकडे पोकळ्या, आणि त्यांच्यामध्ये केसाहून पातळ काचेच्या भिंती. त्या भिंती फुटून झालेली वाकडी पाती म्हणजेच ज्वालामुखीची राख. म्हणून ती चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ती पाण्यात विरघळत नाही, डोळ्यांना आणि काचेला ओरखडे काढते.

हे झाले शिलारसाच्या आतले पाणी. माणसांच्या दृष्टीने जास्त फसवे असते ते बाहेरचे, म्हणजे वरच्या दोन-तीन किलोमीटरांतले भूजल.

पाणी १०० अंशांना उकळते ते साध्या हवेच्या दाबाला. जमिनीखाली १०० मीटर पाण्याच्या स्तंभाखाली ते सुमारे १८० अंशांपर्यंत द्रव राहते आणि १ किमीवर ३०० अंशांच्याही पुढे. दाब टिकून आहे तोवर काही घडत नाही. तो अचानक सुटला तर २०० अंशांच्या १ किलो पाण्यातले सुमारे १९० ग्रॅम क्षणात वाफ होते. मूळचे पाणी सव्वा लिटरच्या आत, आणि तेवढ्याच १९० ग्रॅमची वाफ ३०० लिटरांहून अधिक. शेजारचा खडक यात फुटून उडतो. यासाठी शिलारसाने वर यायची गरज नाही. तो खाली कुठेतरी उष्णता पुरवत असला की पुरे.

दाब अडकतो कसा आणि सुटतो कसा, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. गरम पाण्यात सिलिका विरघळते. पाणी वर येऊन थंड झाले की ती भेगांत बसते. वर्षानुवर्षे असे होऊन भेगा बुजतात, खडकावर एक घट्ट झाकण तयार होते आणि खालचा दाब वाढत जातो. मग एखादा छोटा भूकंप, दरड कोसळणे, खालून आलेल्या वायूचा लोंढा, असे काहीही झाकणाला तडा द्यायला पुरते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये आइसलंडमधल्या क्वेर्कफ्योल इथे एक तळे रिकामे झाले, पातळी सुमारे ३० मीटर उतरली आणि तळाशी वाफेचे स्फोट झाले. ३० मीटर पाणी म्हणजे फक्त ३ वातावरणांचा दाब. उकळीच्या काठावर बसलेल्या पाण्याला तेवढे पुरले. २३ जुलै २०२४ रोजी यलोस्टोनमधल्या बिस्किट बेसिन इथे पर्यटकांच्या पायवाटेलगतचे कुंड असेच फुटले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, आणि त्या स्फोटाचा शिलारसाच्या हालचालीशी काहीही संबंध नव्हता. तरी ती बातमी 'महाज्वालामुखी जागा होतोय का?' अशा प्रश्नासह फिरली.

जपानमधल्या ओंताके डोंगरावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी इतके सुदैव नव्हते. शनिवार होता, हवा स्वच्छ होती, शिखरावर गर्दी होती. ११ वाजून ५२ मिनिटांनी वाफेचा स्फोट झाला. ५८ जण मरण पावले, ५ जण सापडलेच नाहीत. लाव्हा आला नव्हता. बहुतेक बळी उडालेल्या दगडांनी गेले. कंप सुरू झाला तो स्फोटाच्या फक्त ११ मिनिटे आधी. इशाऱ्याची पातळी तेव्हा सर्वांत खालची, म्हणजे १ होती, आणि तिच्यापुढे शब्द होता 'सामान्य'. पुढच्या वर्षी जपानने तो शब्द बदलून 'हा जागता ज्वालामुखी आहे, हे ध्यानात ठेवा' अशा अर्थाचा मजकूर घातला. आमच्या मते ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट आहे.  चूक शब्दात होती आणि तो शब्द त्यांनी दुरुस्त केला. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी असाच स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसे होती. त्यांतली २२ गेली. तिथे पातळी २ होती आणि पर्यटन चालू होते. पातळीचा आकडा प्रामुख्याने ज्वालामुखीत काय चालले आहे ते सांगतो. विवराच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला त्याने दिलासा मिळू नये.

पाणी आणखी एक काम करते, ते म्हणजे पुरावा धुऊन टाकते. शिलारस वर येऊ लागला की सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि दुरून मोजायला तो सर्वांत सोयीचा वायू. पण वाटेत भूजल भरपूर असेल तर तो त्यात विरघळतो आणि वर जवळजवळ काहीच दिसत नाही. त्यामुळे 'सल्फर डायऑक्साइड कमी, म्हणजे धोका नाही' हा निष्कर्ष पाणथळ डोंगराला लावता येत नाही. तिथे कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड पाहावे लागतात, कारण ते पाण्यातून बऱ्याच अंशी निसटतात. उलट, बरेच दिवस नसलेला सल्फर डायऑक्साइड एकाएकी दिसू लागला तर शिलारसापासून वरपर्यंत कोरडी वाट मोकळी झाली असावी असे समजतात. फिलिपीन्समधल्या पिनातुबोवर १३ मे १९९१ रोजी तो दिवसाला सुमारे ५०० टन निघत होता, २८ मे रोजी ५,००० टन. नंतर तो एकदम घटला. त्या घटीला शांतता समजले असते तर अनर्थ झाला असता; वाट बुजून दाब वाढत असल्याची ती खूण असू शकते हे तिथल्या शास्त्रज्ञांनी ओळखले. १५ जूनला महाउद्रेक झाला तेव्हा हजारो लोक आधीच हलवलेले होते.

पडलेली राख वाफेच्या स्फोटाची की नव्या शिलारसाची, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. नव्या रसाची काच पारदर्शक, धारदार आणि बुडबुड्यांच्या खुणा असलेली. वाफेने फोडलेल्या जुन्या खडकाचे कण गढूळ, मातकट, कधी त्यात पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे चकचकीत ठिपके. ऐकायला सोपे, पण जुनी काचही कधी ताजी भासते. १९७६ साली कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटाच्या ला सुफ्रिएर ज्वालामुखीवर नेमक्या याच मुद्द्यावरून शास्त्रज्ञांत जाहीर वाद झाला. सुमारे ७० हजार लोकांना महिनोन्महिने घराबाहेर राहावे लागले आणि शिलारस शेवटपर्यंत वर आलाच नाही. राखेचा नमुना पावसात भिजण्याआधी, स्वच्छ पत्र्यावर, तारीख-वेळ लिहून गोळा करावा असे सांगतात ते यासाठी.

पाणी ओतून लाव्हा विझवता येतो का, हा वाचकांचा हमखास प्रश्न. विझायला तो जळत नसतो. त्याची उष्णता काढायची असते. १ किलो बेसाल्ट १,१०० अंशांवरून १०० पर्यंत आणायला, गोठण्याची उष्णता धरून, सुमारे १,६०० किलोज्यूल काढावे लागतात. १ किलो पाणी तापून वाफ होताना सुमारे २,६०० किलोज्यूल घेते. म्हणजे १ घनमीटर पाणी पूर्ण वाफ झाले तरी अर्ध्या घनमीटराहून थोडा जास्त लाव्हाच थंड होतो. आइसलंडच्या हेमाय बेटावर १९७३ साली बंदर वाचवण्यासाठी सुमारे ६० लाख घनमीटर समुद्राचे पाणी लाव्हावर सोडले, आणि बंदर वाचलेही. पाणी वाहते असेपर्यंत प्लास्टिकच्या नळ्याही वितळत नव्हत्या. पण तो लाव्हा संथ होता, समुद्र शेजारी होता आणि महिनोन्महिने पंप चालले. एरवी अडचण खडकाचीच. खडक उष्णतेचा वाईट वाहक आहे. हवाईतल्या पसरट लाव्हावर तासाभरात सुमारे ८ सेंटिमीटरची साय धरते, दिवसभरात ३८ सेंटिमीटरची, आणि आतला रस त्या सायीखाली सुरक्षित तापलेला राहतो. हवाईतल्याच किलाउएया इकी इथे १९५९ साली साठलेले १३५ मीटर खोल लाव्हाचे तळे पूर्ण गोठायला १९९० चे दशक अर्धे सरावे लागले.

पाणी आणि रस भेटले की स्फोट होतोच असेही नाही. खोल समुद्रात वरच्या पाण्याचा दाब वाफेला फुगू देत नाही. तिथे लाव्हा उशांसारखे गोळे करत निमूट गोठतो. उथळ पाण्यात, रसाच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी त्यात बारीक मिसळले गेले, की स्फोट सर्वांत जोरदार होतो असे प्रयोगांत दिसते. पॅसिफिकमधल्या हुंगा टोंगा ज्वालामुखीचे मुख १५ जानेवारी २०२२ रोजी असेच उथळ पाण्याखाली होते. लोट सुमारे ५७ किमी उंच गेला आणि स्थितांबरातली (ढगांच्या वरच्या हवेच्या थरातली) वाफ एका दिवसात साधारण १० टक्क्यांनी वाढली.

ऊर्जेच्या बाजूनेही लिहायला हवे, कारण 'शिलारसापासून अमर्याद वीज' हा मथळाही आता येऊ लागला आहे. आइसलंडमधल्या क्राफ्ला इथे २००९ साली साडेचार किमीचा बेत असलेली विहीर २.१ किमीवरच सुमारे ९०० अंशांच्या शिलारसात घुसली. वर आलेल्या चुऱ्यात ताज्या काचेचे कण होते. डोंगर फुटला नाही. रसात पाणी फक्त १.८ टक्क्यांच्या आसपास होते आणि विहीर खोदण्यासाठी सोडलेल्या थंड पाण्याने त्याला तिथल्या तिथे काच करून टाकले. पुढे त्या विहिरीतून ४५० अंशांची कोरडी वाफ मिळाली. मग अडचणी आल्या. वाफेतल्या हायड्रोजन क्लोराइडचे थेंब झाले की ते पोलाद खातात. विरघळलेली सिलिका दाब घटताच पूड होऊन झडपांत बसते. आणि नळी: २ किमी पोलाद ४०० अंशांनी तापले तर मोकळे असल्यास साडेनऊ मीटर लांबेल. सिमेंटने जखडल्यामुळे ते लांबू शकत नाही, आतल्या आत दबते, आणि पुढे थंड पाणी सोडले की आकसून जोडांवर तुटते. २०१२ साली झडप निकामी झाल्यावर विहीर थंड करून बंद करावी लागली. काम थांबलेले नाही, थांबूही नये. पण 'अमर्याद' हा शब्द त्या जोडांना विचारून लिहावा.

आपल्याकडे आमच्या काही साध्या विनंत्या आहेत. जमिनीखाली असेल तोवर 'शिलारस' आणि बाहेर आल्यावर 'लाव्हा' असे लिहावे. 'धूर' ऐवजी 'वाफ आणि राख' लिहावे. उद्रेक वाफेचा आहे की शिलारसाचा हे पहिल्या परिच्छेदात यावे. माहीत नसेल तर 'अजून स्पष्ट नाही' असे छापायला हरकत नाही. गरम पाण्याचा प्रत्येक झरा ज्वालामुखीशी जोडू नये. जमिनीखाली दर किलोमीटरला २५ ते ३० अंश तापमान वाढतेच. दोन-तीन किमी खोल जाऊन भेगेतून झपाट्याने परतलेले पाणी शिलारसाशिवायही चांगलेच गरम असते.

आणि अशा जागी सहलीला जाण्याविषयी लेख छापाल तेव्हा त्यासोबत चौकट द्यावी. आखलेली वाट सोडू नये, कारण उकळत्या पाण्यावरची कडक दिसणारी पांढरी साय पायाखाली फुटते. वारा नसताना खळग्यात उतरू नये किंवा मुलांना खाली बसू देऊ नये, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि त्याला वास नसतो. सडक्या अंड्यांचा वास येत होता आणि आता येईनासा झाला, तर हवा सुधारली असे धरू नये. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाक बधिर होते. त्या क्षणी वाऱ्याला आडवे चालत उंच जागी जावे.

आपले,
भूविज्ञानाचे काही अभ्यासक